लाईन गेली, ओव्याही गेल्या

आमच्याकडे जातं आता लग्नघरीच फिरतं. गेल्या चैत्रात भाचीच्या लग्नाची हळद दळायला आत्या ओसरीत बसली. वय ऐंशीच्या पुढे, पण खुंट्याला हात लागला की तिच्या तोंडून ओवी आपोआप निघते. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. वसमतच्या या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आत्याच्या ओव्यांची नोंद कुठेच नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे वाचलं होतं. म्हटलं, निदान आपल्या घरच्या तरी आपण टिपू.

मोबाइल का नाही, असं कुणीही विचारेल. माझा मोबाइल गच्च भरलेला, शिवाय उन्हात दहा मिनिटांत तापून बंद पडणारा. घरात लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन तासांसाठी घेतलेला वेबकॅम होता आणि एक म्हातारा डेस्कटॉप. विंडोज झेपेना म्हणून त्यावर लिनक्स टाकलेलं. रेकॉर्डिंगचं भारी सॉफ्टवेअर उघडलं की तो धापा टाकायचा. म्हणून टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड देऊन एफएफएमपेगने चित्रण करायचं ठरवलं. हे अवजार फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही नीट चालतं.

आदल्या दिवशी चाचणी घेतली, तर चित्र आलं आणि आवाज गायब. कॅमेऱ्यालाच माइक आहे, तर आवाज येणारच असं मी धरून चाललो होतो. पण एफएफएमपेगला कॅमेरा वेगळा सांगावा लागतो आणि माइक वेगळा. तेवढं दुरुस्त केलं आणि आपल्याला सगळं जमलं असं समजून बसलो.

दुसऱ्या दिवशी पंधरा-सोळा ओव्या झाल्या असतील, तोच लाईन गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाईन आल्यावर पाहिलं तर फाइल जागेवर होती, वजनही भरपूर, पण उघडेना. पडद्यावर एकच तक्रार: मूव्ह ॲटम सापडला नाही. एमपी४ फाइलमध्ये कोणतं चित्र कुठे ठेवलंय याची अनुक्रमणिका असते आणि ती साधारणपणे रेकॉर्डिंग बंद करताना, सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली की पानं राहतात, अनुक्रमणिका राहत नाही. त्याच कॅमेऱ्याची धड फाइल नमुना म्हणून दाखवून तुटकी फाइल सांधणारी अवजारं आहेत. तीही चालवून पाहिली, पण हाती चार-दोन तुकडे लागले.

आत्याला म्हटलं, "त्याच ओव्या पुन्हा म्हण की."

ती हसली. "त्याच कशा येतील रे बापू? जातं तेच राहतंय, दळण तेच नसतंय."

तेव्हापासून काही गोष्टी मी न चुकता करतो. तुम्हीही करा.

वीज बेभरवशाची असेल तर थेट एमपी४मध्ये रेकॉर्ड करू नका. फाइलच्या नावाशेवटी एमकेव्ही लावा. हा मात्रोस्का साचा मधेच तुटला तरी उघडतो, शेवटचे काही क्षण तेवढे जातात. नंतर कॉपीचा पर्याय वापरून त्याची एमपी४ काही सेकंदांत होते आणि चित्राचा दर्जाही घटत नाही.

आधी कॅमेऱ्याला विचारा, तुझ्याकडे काय काय आहे. व्ही४एल२-सीटीएल ही कमांड त्याची यादी देते. माझ्या कॅमेऱ्यात १२८० बाय ७२० चं कच्चं चित्र सेकंदाला १० फ्रेमच मिळतं, एमजेपेगमध्ये मात्र ३०. कारण साधं हिशेबाचं आहे. कच्च्या चित्राच्या ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ एमबी, आणि यूएसबी २.० ची वाट कागदावरच ६० एमबीची, प्रत्यक्षात त्याहून अरुंद. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर बहुधा कच्चं आणि लहान चित्र गळ्यात पडतं. म्हणून एमजेपेग, आकार आणि फ्रेमचा वेग हे तिन्ही कॅमेऱ्याच्या नावाच्या आधी लिहा. आकार नावानंतर लिहिला तर लहान चित्रच ताणून मोठं होतं. एचडीचा आकडा दिसतो, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसट होतात.

मशीन जुनं असेल तर आलेलं एमजेपेग तसंच साठवा, दाबून लहान करायचं काम रात्री निवांत करा. फाइल जाडजूड होते, म्हणून डिस्कवर किती जागा उरली ते आधी बघा.

चौकटीत हळदीचा ढीग असेल तर कॅमेरा पिवळ्याला घाबरून सगळ्यावर निळी झाक चढवतो. आत्या पहिल्या चाचणीत निळसर दिसत होती. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स बंद करा. ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेरा ६० हर्ट्झवर असणार. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून व्ही४एल२-सीटीएलने कॅमेऱ्याच्या वीज-वारंवारतेच्या सेटिंगला १ हा आकडा द्या. अंधारात फ्रेमचा वेग आपसूक घसरतो, तेव्हा जातं दाराजवळ उजेडात ओढा.

न विचारता जुनी फाइल पुसणारा वाय पर्याय कमांडमध्ये ठेवू नका. नावात तारीख-वेळ घाला. थांबवताना खिडकी बंद न करता क्यू दाबा. आणि खरं काम सुरू होण्याआधी तीस सेकंद रेकॉर्ड करून कानाला हेडफोन लावून ऐका.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्या उरलेली हळद दळायला पुन्हा बसली. ओव्या नव्याच होत्या. नववी सुरू झाली आणि लाईन पुन्हा गेली. ती आल्यावर मी भीत भीत फाइल उघडली. आठ ओव्या पुऱ्या आहेत. नववी अर्धीच आहे, पण आहे.