दूरशिक्षण : पाठ आणि परतीची वाट

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे आपल्या राज्यातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर येऊन बसले. त्या काळात जगभरातील सुमारे दीडशे कोटी विद्यार्थ्यांचे वर्ग बंद पडल्याचा युनेस्कोचा अंदाज होता. तेव्हापासून दोन मते सतत कानी पडतात. शिक्षणाचे भवितव्य आता पडद्यावरच आहे, असे काही म्हणतात. पडद्यावर शिक्षण होऊच शकत नाही, असे इतर काही म्हणतात. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. ती का, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न करते.

गुरु-शिष्य एका छपराखाली बसले नाहीत तरी शिक्षण होऊ शकते, हा विचार काही नवा नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली अस्तित्वात आले. ब्रिटनच्या विद्यापीठाची दूरचित्रवाणीवरील व्याख्याने गाजली. परंतु त्या पद्धतीचा कणा होता तो विद्यार्थ्याने पाठविलेला स्वाध्याय आणि शिक्षकाने त्यावर शेरे लिहून तो परत धाडणे. माझ्या मावशीने लग्नानंतर अशाच एका विद्यापीठातून पदवी घेतली. रविवारी ती अभ्यासकेंद्रावर जाई. तिचे गृहपाठ तिने अजून जपून ठेवले आहेत. ते पाठ्यपुस्तकासाठी नव्हेत, तर समासात लाल शाईने लिहिलेल्या शेऱ्यांसाठी! कोणीतरी आपले लिहिणे वाचले, याचा तो पुरावा आहे.

याहून वेगळा प्रयोग भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात झाला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. तंत्रदृष्ट्या तो मोठाच पराक्रम होता. मात्र चित्र आकाशातून खेड्यात येई. ते पाहून मुलाला पडलेली शंका त्याच वाटेने परत जाऊ शकत नसे. तिचे निरसन करायचे तर ते गावच्या मास्तरांनीच.

मोबाईलने ही उणीव भरून काढायला हवी होती, कारण त्यावर दोन्हीकडून बोलता येते. प्रत्यक्षात काय घडले? पहिली अडचण साधनाची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या अहवालानुसार इंटरनेटची सोय शहरी भागातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे होती, तर ग्रामीण भागातील केवळ १५ टक्के कुटुंबांकडे. पण साधन हाती असूनही जे हरवले, त्याबद्दल मला अधिक सांगायचे आहे.

२०२०-२१ साली मी दहावीत होते. घरात स्मार्टफोन एकच. तो वडिलांबरोबर कामावर गेला की तास बुडे. घरी असला की मी आणि धाकटा भाऊ यांच्यात वाटणी होई. त्रिकोणमितीचे तास मला बहुतेक सगळे मिळाले. गोंगाट नको म्हणून आमचे आवाज बंद ठेवलेले असत. शेवटी सर विचारीत, "समजलं ना सगळ्यांना?" आणि आम्ही सगळे अंगठ्याचे चित्र पाठवीत असू. मीही पाठवीत असे. मला काहीही समजलेले नसे.

नववीत हेच सर बाकांमधून फिरत आणि माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणत, "इथं अडलीस ना?" मला विचारावे लागत नसे. पडद्यावर त्यांना माझी वही दिसत नव्हती. दोष त्यांचा नव्हता. साठ मुलांचे साठ काळे चौकोन पाहून तेही बिचारे काय ओळखणार?

पुढे २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यात ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. मीही झाले, चांगल्या गुणांनी. मग मी कला शाखेत आले. येथे मी रमले, हे खरे. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. कला शाखा मी निवडली, की त्या मुक्या तासांनी माझ्यासाठी निवडली? याचे उत्तर ती गुणपत्रिका देऊ शकत नाही.

म्हणून मला वाटते की, वर्ग की पडदा, हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. पाठ पोहोचविण्याची साधने बदलत राहतील. टपाल आले, उपग्रह आला, मोबाईल आला. उद्या आणखी काही येईल. खरा प्रश्न परतीच्या वाटेचा आहे. विद्यार्थ्याचे न समजणे शिक्षकापर्यंत कसे पोहोचणार? मावशीच्या गृहपाठाला महिना लागत असेल, पण ती वाट उघडी होती. आमचा अंगठा क्षणात पोहोचे, पण तो खोटा होता.

हा विषय आपल्याही दाराशी आला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी मुभा दिली आहे. नोकरी करून शिकणाऱ्या आपल्या मित्रांना तिचा मोठाच आधार होईल. अशा अभ्यासक्रमांसाठी महाविद्यालयाने आठवड्यातून एक तास राखून ठेवावा, अशी प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. त्या तासाला व्याख्यान नको. विद्यार्थ्यांनी आपल्या वह्या उघडाव्यात आणि कुठे अडले ते दाखवावे, इतकेच.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडेही एक काम आहे. समजले नसेल तेव्हा अंगठा पाठवायचा नाही.