आरएमआय सर्व्हरचं गेट नेमकं कुठं उघडायचं?

डिस्ट्रिब्युटेड ऑब्जेक्ट हा विषय आपण बहुधा परीक्षेपुरता वाचतो. क्लायंट, स्टब आणि सर्व्हरची आकृती काढली की मार्क मिळतात. पण सर्व्हर नेमका कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर ऐकत बसतो, हे कोणी विचारत नाही. या लेखात मी तेवढाच भाग घेतला आहे. कॉर्बा २०१८ मध्ये जावा ११ मधून काढून टाकलं, आरएमआय मात्र टिकून आहे, म्हणून उदाहरण आरएमआयचं.

आपल्या राहुरीला शोभेल असंच उदाहरण घेऊ. समजा, ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह चालवणारा एक जावा सर्व्हर आहे. त्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एक पंपघराच्या नेटवर्ककडे, पत्ता १९२.१६८.१०.५, दुसरं कॅम्पसच्या नेटवर्ककडे. 'व्हॉल्व्ह उघड' ही रिमोट मेथड आहे. ती कोणी हाक मारावी, हा इथला खरा प्रश्न.

१) काहीच सांगितलं नाही तर?

आरएमआय रजिस्ट्री १०९९ या पोर्टवर बसते. ऑब्जेक्ट एक्सपोर्ट करताना पोर्ट शून्य दिला, तर ऑपरेटिंग सिस्टिम कोणताही मोकळा पोर्ट देते. सर्व्हर पुन्हा सुरू केला की बहुधा नवा पोर्ट! मग फायरवॉलमध्ये नियम लिहायचा तरी कोणत्या पोर्टचा? शिवाय सॉकेट सगळ्या कार्डांवर ऐकतो. म्हणजे मुळा धरणाच्या डाव्या कालव्याला पाणी हवं असताना उजव्याचंही गेट उघडून ठेवण्यासारखं झालं. आरएमआय स्वतःहून पासवर्ड विचारत नाही, त्यामुळे कॅम्पसवरचा कोणताही संगणक व्हॉल्व्ह उघडू शकेल.

२) स्वतःची सॉकेट फॅक्टरी

यावरचा उपाय जावा १.२ पासून, म्हणजे १९९८ पासून आहे. 'आरएमआय सर्व्हर सॉकेट फॅक्टरी' या इंटरफेसमध्ये एकच मेथड आहे: पोर्ट घ्या, सर्व्हर सॉकेट परत द्या. त्या मेथडमध्ये सॉकेट बनवताना तीन गोष्टी द्यायच्या: पोर्ट, रांगेची लांबी (नेहमीची ५०) आणि १९२.१६८.१०.५ हा पत्ता. मग ऑब्जेक्ट एक्सपोर्ट करताना ठरावीक पोर्ट, समजा ११००, आणि ही फॅक्टरी द्यायची. क्लायंटची फॅक्टरी नल ठेवली तरी चालते. रजिस्ट्री तयार करतानाही हीच फॅक्टरी द्या, नाहीतर ती सगळीकडे ऐकतच राहील.

एक बारकावा. एकाच पोर्टवर दोन ऑब्जेक्ट ठेवायचे असतील, तर दोन्ही वेळा फॅक्टरीचा एकच इन्स्टन्स वापरा, किंवा क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड लिहा. नाहीतर आरएमआय दोन्ही फॅक्टरी वेगळ्या समजतं, दुसरा सॉकेट उघडायला जातं आणि 'पोर्ट आधीच वापरात आहे' अशी एरर येते.

३) ऐकायचा पत्ता वेगळा, सांगायचा पत्ता वेगळा

गोंधळ होतो तो इथेच. क्लायंटला रजिस्ट्रीकडून स्टब मिळतो आणि त्या स्टबमध्ये सर्व्हरचा पत्ता व पोर्ट लिहिलेला असतो. हा पत्ता फॅक्टरीतून येत नाही. जावा तो मशीनच्या नावावरून शोधते. काही लिनक्समध्ये ते नाव १२७.०.१.१ शी जोडलेलं असतं. असा पत्ता देणं म्हणजे पाकिटावर 'स्वतःच्या घरी' लिहिण्यासारखं आहे. वाचणारा आपल्याच घरी जाणार! लुकअप व्यवस्थित होतो, पण पहिल्याच मेथडला 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं.

म्हणून 'जावा डॉट आरएमआय डॉट सर्व्हर डॉट होस्टनेम' ही प्रॉपर्टी १९२.१६८.१०.५ अशी द्यावी. ती सर्व्हर सुरू करतानाच, सर्व्हरच्या बाजूला द्यायची. क्लायंटवर देऊन हा प्रश्न सुटत नाही.

४) एवढ्यानं सुरक्षित झालं का?

नाही. पंपघराच्या नेटवर्कवर शिरलेला कोणीही अजून मेथड वापरू शकतो, आणि डेटा उघडाच जातो. त्यासाठी २००४ मध्ये आलेल्या जावा ५ मध्ये एसएसएलच्या तयार फॅक्टरी आहेत. सर्व्हरच्या फॅक्टरीत क्लायंटचं सर्टिफिकेट सक्तीचं करता येतं. इथे मात्र क्लायंटची फॅक्टरी नल ठेवता येत नाही. ती स्टबबरोबर प्रवास करते, म्हणून सिरिअलायझेबल असावी लागते. तयार फॅक्टरी तशी असतेच. स्वतः लिहिली तर तिचा क्लास क्लायंटकडेही ठेवा.

शेवटी तपासणी

सर्व्हर चालू करून नेटस्टॅट कमांड द्या. पोर्टसमोर ०.०.०.० किंवा नुसते कोलन दिसले, तर तो अजून सगळ्या कार्डांवर ऐकतो आहे, १९२.१६८.१०.५ दिसायला हवं. मग पंपघराच्या नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून मेथड चालवा, आणि कॅम्पसच्या मशीनवरून ती चालत नाही हेही बघा. आपण 'चालतं का' एवढंच पाहतो. 'जिथून चालू नये तिथून चालत नाही ना' ही तपासणीही तितकीच महत्त्वाची.

थोडक्यात, कुठे ऐकायचं, कोणता पत्ता सांगायचा आणि कोणाला आत घ्यायचं, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये तिन्हींची उत्तरं लिहा. व्हायव्हाला उपयोग होईल, आणि शेतातलं पाणीही भलत्याच्या हाती जाणार नाही.