जुनी प्रवासी गाडी : पारखून घ्या, जपून चालवा



बैल घ्यायला बाजारात गेलो, तर आपण काय करतो? दात बघतो. खूर बघतो. चार पावले चालवून बघतो. मगच रुमालाखाली बोटे धरून भाव करतो. बैलाच्या बाबतीत आपल्याला सहसा कोणी फसवत नाही. पण जुनी मोटार घ्यायला गेलो, की आपण रंगाला भुलतो. आम्हीही भुललो. कसे भुललो आणि पुढे काय शिकलो, ते या धड्यात सांगतो.

आमची गोष्ट

आम्ही तिघे भाऊ. गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीला. २०१७ साली आम्ही ठरवले, की एक जुनी दहा माणसांची गाडी घ्यायची आणि वडाप चालवायचे. दादाने बैलजोडी विकली. वहिनींनी बोरमाळ काढून दिली. दोन लाख चाळीस हजार रुपये जमले.

गाडी नुकतीच रंगवलेली होती. आत नवीन गाद्या होत्या. टेपवर गाणे लावलेले होते. इंजीन आधीच सुरू करून ठेवले होते. विकणारा म्हणाला, "बघा, कशी घुमतीया!" आम्ही बघितले आणि खूश झालो. कागद पुढे आले. दादाने अंगठा दिला. आम्हा दोघांना सही येत होती, पण वाचायचा कंटाळा. न वाचताच सह्या केल्या.

मे महिन्यात लग्नाचे वऱ्हाड घेऊन चिपळूणहून कुंभार्ली घाट चढत होतो. गाडी दहा जणांची, आत चौदा जण. दुपारचे दोन वाजलेले. घाटाच्या मध्यावर वाफ निघू लागली. थोरला पुतण्या गाडी चालवत होता. तो खाली उतरला, बॉनेट उघडले आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळले. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

वऱ्हाड घाटात बसून राहिले. पुतण्याला दुसऱ्या गाडीने चिपळूणला दवाखान्यात नेले. इंजीनाचे हेड वाकले होते. दुरुस्तीला अडतीस हजार रुपये गेले. पुढे गाडी नावावर करायला गेलो, तेव्हा कळले, की गाडीवर जुन्या मालकाच्या कर्जाचा बोजा आहे. तो उतरेपर्यंत चार महिने हेलपाटे घातले.

नंतर आमच्या मिस्त्रींनी गाडी तपासली. ते म्हणाले, "रेडिएटर आधीपासूनच तुंबलेला होता. घेताना तासभर नीट बघितले असते, तर हे कळले असते."

तो तासभर कसा वापरायचा, ते आता पाहू.

आधी कागद वाचा

सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. गाडीचा सातबारा म्हणजे नोंदणी पुस्तक, म्हणजेच आर. सी. त्यात या गोष्टी वाचा :

१. मालकाचे नाव. विकणारा आणि मालक एकच आहे का?

२. चासी नंबर आणि इंजीन नंबर. हे नंबर गाडीवर कोरलेले असतात. कागदावरचा आणि लोखंडावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. खाडाखोड किंवा नवे वेल्डिंग दिसले, तर गाडी सोडून द्या.

३. बोजा. कर्ज असेल तर देणाऱ्याचे नाव नोंदणीत असते. कर्ज फिटले असेल तर त्याचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. बोजा उतरल्याखेरीज पुरे पैसे देऊ नका.

४. बसण्याची संख्या. तिथे दहा लिहिले असेल, तर चालकासह दहा.

५. पाटीचा रंग. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे घरगुती गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची गाडी. घरगुती गाडीत भाड्याने माणसे नेणे कायद्याविरुद्ध आहे. अशा वेळी अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग शेत विकूनही भरपाई पुरी होत नाही.

भाड्याच्या गाडीला परवाना लागतो. फिटनेसचा दाखलाही लागतो. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली, की फिटनेस दर वर्षी करून घ्यावी लागते. विमा, कर आणि धुराचा दाखला यांच्या तारखा पाहा. राहिलेला दंड आहे का, ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून दिसते. घरातल्या शिकत्या पोराला ते बघायला सांगा.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका, घेऊही नका. गाडी हाती आल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

मग गाडी पाहा

गाडी सकाळी पाहायला जा. विकणाऱ्याला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत इंजीन सुरू करू नका." गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले, तर समजा की काही तरी लपवायचे आहे. थंड इंजीन खरे बोलते. सोबत आपला ओळखीचा मिस्त्री न्या. त्याची दिवसाची मजुरी ही खोट नव्हे.

इंजीन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. आतले पाणी पाहा. रंगीत आणि स्वच्छ असेल तर चांगले. तांबूस गंजाचे पाणी असेल, किंवा कडेला पांढरा क्षार साचला असेल, तर साध्या पाण्यावर गाडी चालवलेली आहे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर घेऊ नका.

इंजीनात तेल ओतायचे झाकण उघडा. त्याच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा चिकट थर दिसला, तर तेलात पाणी शिरत असण्याचा संभव आहे. तेलकाडीही पुसून पाहा.

रबरी नळ्या दाबून पाहा. फुगलेल्या, चिरलेल्या नळ्या बदलाव्या लागतील. पंख्याचा पट्टा पाहा. तो झिजलेला किंवा सैल नको. गाडी उभी होती तिथली जमीन पाहा. ओले डाग असतील तर ते पाण्याचे की तेलाचे, ते हात लावून ओळखा.

आता इंजीन सुरू करा. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येते, ती चालेल. पण इंजीन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर पाणी आत जळते आहे.

शेवटी गाडी चालवून पाहा. गल्लीतून फेरी मारून भागायचे नाही. सात-आठ माणसे बसवा. पंधरा-वीस किलोमीटर न्या. वाटेत चढ हवाच. सारा वेळ एकाची नजर तापमानाच्या काट्यावर असू द्या. काटा मध्याशी येऊन थांबला, तर बरे. तो चढत राहिला, तर परत फिरा. आणि काटा जागचा हललाच नाही, तर तो बंद करून ठेवलेला असेल. तेही विचारा.

इंजीन का तापते?

इंजीनात डिझेल जळते. जळताना आतली उष्णता २,००० अंशांच्या आसपास जाते. अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. मग इंजीन वितळत का नाही? पाण्यामुळे.

इंजीनाच्या अंगात पाण्याचे पाट आहेत. पंप पाणी फिरवतो. ते पाणी इंजीनाची उष्णता घेऊन पुढे रेडिएटरमध्ये जाते. रेडिएटरला बारीक नळ्या आणि पातळ पत्र्या असतात. त्यांवरून वारा जातो आणि पाणी निवते. निवलेले पाणी पुन्हा इंजीनाकडे येते. ही पाण्याची पाळी अखंड चालू राहिली पाहिजे. पाट तुंबला की पीक करपते. पाळी तुंबली की इंजीन करपते.

या वाटेवर एक दार आहे. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजीन थंड असताना ते बंद असते. पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान आले की ते उघडते. ते अडकले की इंजीन तापते. काही लोक ते काढूनच टाकतात. तसे करू नये. थंड इंजीन डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. बिघडले तर नवे बसवावे.

आता झाकणाची गंमत पाहा. उघड्या भांड्यातले पाणी समुद्रकाठी १०० अंशांवर उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे ते ९५-९६ अंशांनाच उकळते. पण रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे आहे. ते आत दाब धरते. म्हणून १०० अंशांच्या वर गेले तरी पाणी उकळत नाही. झाकणाचे रबर गेले, की दाब राहत नाही आणि घाटात पाणी उकळते. झाकण उघडले, तर दाब एकदम जातो आणि सारे पाणी क्षणात उसळते. आमच्या पुतण्याचा हात असाच भाजला.

तापू नये म्हणून

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये रोज घालू नका. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो, तसा तो बारीक नळ्यांत बसतो. कूलंट वापरा. ते तयार मिळते, किंवा शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून वापरायचे असते. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा. दोन निराळ्या जातींची कूलंटे एकत्र करू नका. कूलंट चवीला गोड असते, पण विष असते. मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा. सांडले तर लगेच धुऊन काढा.

रोज सकाळी, इंजीन थंड असताना, बाटलीतली पातळी पाहा. दोन खुणांच्या मध्ये असावी. पातळी रोज खाली जात असेल, तर कुठे तरी गळती आहे. नुसते भरत बसू नका, गळती शोधा.

रेडिएटरच्या पत्र्यांत चिखल, उसाचे पाचट आणि किडे अडकतात. इंजीन थंड झाल्यावर हलक्या धारेने, इंजीनाच्या बाजूकडून बाहेर धुवा. जोराच्या धारेने पत्र्या वाकतात.

घाटात खालच्या गिअरमध्ये चढा. वरच्या गिअरमध्ये रखडत चढलात, तर इंजीनावर ताण येतो आणि पंप मंद फिरतो. ए. सी. बंद ठेवा. आणि मुख्य म्हणजे, जास्त माणसे भरू नका. चार जणांचे भाडे मिळवायला आम्ही गेलो आणि अडतीस हजार घालवून बसलो.

तापलेच तर

काटा चढू लागला, की ए. सी. बंद करा. हीटर असेल तर तो पुरा सुरू करा. आत उकडेल, पण इंजीनाची उष्णता बाहेर पडेल. तरी काटा लाल खुणेपाशी आला, तर गाडी बाजूला सुरक्षित जागी उभी करा. इंजीन बंद करा. चाकांना दगड लावा. माणसे उतरवून रस्त्यापासून दूर बसवा.

काटा एकदम खाली आला, म्हणून आनंदू नका. पाणी सगळे संपले, तर काही वेळा काटा पडतो. अशी गाडी पुढे नेली, तर इंजीन जागेवर धरते.

निदान अर्धा तास थांबा. वरची नळी हाताला सोसेल इतकी निवली पाहिजे. मग जाड ओले फडके झाकणावर धरा. तोंड लांब ठेवा. झाकण थोडेच फिरवा. फुस्स असा आवाज पुरा थांबू द्या. मगच काढा. पाणी थोडे थोडे घाला. तापलेल्या इंजीनावर गार पाणी कधीही ओतू नका. तव्यावर पाणी पडल्यासारखे होते आणि धातूला चीर जाते. मग सावकाश जवळच्या मिस्त्रींकडे जा.

शेवटी

पुतण्याचा हात बरा झाला. डाग मात्र राहिला. दादा त्या पावसाळ्यात रात्रीच्या वर्गाला जाऊ लागला. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. २०१९ साली आम्ही ती गाडी विकली आणि दुसरी घेतली. विकताना हेड वाकल्याची गोष्ट घेणाऱ्याला आधी सांगितली. भाव वीस हजारांनी कमी आला. पण झोप नीट लागली.

दुसऱ्या गाडीचे आर. सी. दादाने स्वतः वाचले. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचले. विकणारा कंटाळला. म्हणाला, "किती वेळ लावता, काका?" दादा म्हणाला, "बैलजोडी गेली तेव्हा घाई केली होती. आता करणार नाही."

लक्षात ठेवा

कागद वाचल्याशिवाय सही नाही.
इंजीन थंड असताना पाहिल्याशिवाय सौदा नाही.
इंजीन निवल्याशिवाय झाकण उघडायचे नाही.

प्रश्न

१. आर. सी.वर बोजा आहे का, हे का पाहावे?
२. गाडी पाहायला जाताना इंजीन थंड का असावे?
३. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घातल्याने काय होते?
४. तुमच्या गावातल्या एका गाडीचे आर. सी. मालकाला विचारून वाचा. बसण्याची संख्या किती लिहिली आहे, ते वहीत लिहा.