आज्ञावली आणि अभियांत्रिकी

ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'च्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने एक परिषद भरली होती. संगणकाच्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार करण्याच्या कामाला 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हे नाव तेथे हेतुपुरस्सर योजण्यात आले. या कामाला अभियांत्रिकीची शिस्त लागावी, अशी त्यामागील अपेक्षा होती. ती कितपत रास्त होती?

पूल बांधणारा अभियंता अपेक्षित भाराहून अधिक भार पेलेल अशी रचना करतो. सामग्रीत थोडे न्यून राहिले, तरी ही जादा ताकद पुलाला सावरून धरते. यंत्राचा एखादा महत्त्वाचा भाग निकामी होण्याचा संभव असल्यास जोडीला दुसरा बसविला जातो. आज्ञावलीला हे उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ती झिजत नाही की गंजत नाही. तिच्यातील दोष मूळ रचनेतलाच असतो आणि तो प्रत्येक प्रतीत हुबेहूब उतरतो.

४ जून १९९६ रोजी 'एरियन-५' या युरोपीय अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात याचा प्रत्यय आला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली 'एरियन-४'वरून घेतलेली होती. नव्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग बराच अधिक असल्याने त्या वेगाशी निगडित संख्या १६ द्विमान अंकांच्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली होती. त्यामुळे तीही निरुपयोगी ठरली. सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण चार उपग्रहांसह नष्ट झाला. ज्या गणनेत हा दोष उद्भवला, तिची उड्डाणानंतर गरजच उरली नव्हती!

यावरून आज्ञावलीचे काम अभियांत्रिकीच्या कक्षेबाहेरचे आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जुना आराखडा नव्या जागी वापरताना अभियंता तेथील जमीन पुन्हा तपासतो. येथे नेमकी तीच तपासणी राहून गेली. पूर्वीची गृहीते नव्या परिस्थितीत पारखली गेली नाहीत.

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे 'थेरॅक-२५' या किरणोपचार-यंत्राने सहा रुग्णांना घातक प्रमाणात किरणांची मात्रा दिली. आधीच्या यंत्रांतील स्वतंत्र सुरक्षा-अडसर काढून तेथे आज्ञावलीवर भिस्त ठेवण्यात आली होती. अशा ठिकाणी आज्ञावली लिहिणाऱ्यावर पूल बांधणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. साधने भिन्न असली, तरी गृहीते स्पष्टपणे नोंदविणे, ती पडताळणे आणि परिणामांची जबाबदारी स्वीकारणे, हे अभियांत्रिकीचे मर्म दोन्हीकडे एकच होय.