अधूनमधून लागणारा इंजिनाचा दिवा

प्रश्न : पेट्रोल मोटारीतील इंजिनाचा पिवळा दिवा पावसाळ्यात मधूनच लागतो आणि काही दिवसांनी आपोआप विझतो. दोष कसा शोधावा?

उत्तर : दिवा विझला म्हणजे दोष गेला, असे मानणे घातक ठरते. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजेच ईसीयू, सलग तीन फेऱ्यांत दोष पुन्हा न आढळल्यास दिवा विझवतो. परंतु दोषाचा संकेतांक साधारणपणे इंजिन ४० वेळा तापेपर्यंत स्मृतीत राहतो, आणि त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे दोष घडला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे व तापमान यांची नोंदही असते. म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी जोडणीला स्कॅनर लावून ही नोंद उतरवून घेण्यापूर्वी बॅटरीची वायर काढणे किंवा संकेतांक पुसणे कटाक्षाने टाळावे.

पावसाळी दोषात दमटपणामुळे इग्निशन कॉइलमधून वीजगळती होऊन मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधील इंधन नीट न जळणे, ही शक्यता प्रथम तपासावी. पी०३०२ हा संकेतांक दुसऱ्या सिलिंडरचा असतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, आणि नंतर पी०३०३ उमटल्यास कॉइलच सदोष समजावी, पी०३०२च कायम राहिल्यास स्पार्क प्लग, इंजेक्टर व वायरिंगकडे वळावे. कनेक्टरच्या पिनांवरील हिरवट गंजही अवश्य पाहावा. केवळ संशयावरून सुटे भाग बदलत जाणे हा निव्वळ अपव्यय होय.

दिवा लुकलुकू लागल्यास मात्र गाडी सुरक्षित जागी थांबवावी, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो महागडा भाग निकामी होऊ शकतो.