उसातील साखर आणि अंगातील ताकद

दसरा-दिवाळी झाली की आपल्या पाटोदा तालुक्यातील कितीतरी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ऊस कसा तोडावा हे त्यांना आम्ही काय सांगणार? पण उसात साखर येते कोठून आणि तोडणाऱ्याच्या हातात जोर येतो कोठून, हे विद्यार्थी मित्रांनी जाणून घ्यावे असे आम्हाला वाटते. आम्ही कला शाखेचे. तेव्हा समीकरणे शिक्षकांवर सोपवतो.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडते. त्या शक्तीवर पान पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनवते व ऑक्सिजन बाहेर सोडते. ऊस या कामात फार तरबेज. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांवर प्रयोग करून दाखवले, की ऊस हवेतील कार्बन आधी चार कार्बन-अणूंच्या आम्लात बांधतो, मग पानाच्या आतल्या पेशींत नेऊन त्याची साखर करतो. त्यामुळे कडक उन्हातही त्याचे काम जोरात चालते. गहू-भाताला ही युक्ती नाही, ज्वारी-बाजरीला आहे! माळावरची कोरडवाहू बाजरी आणि बागायती ऊस एकाच पंगतीतले, याचे आम्हाला मोठे नवल वाटले.

ऊस साखर कांड्यात साठवतो. बाजरी मात्र ग्लुकोजचे कण साखळीसारखे जोडून दाण्यात पिष्ट म्हणून ठेवते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळ ती साखळी तोडू लागते. वाढ्यांतील तंतूही ग्लुकोजचेच, पण जोडणी निराळी. माणसाला ते पचत नाहीत. बैलाच्या पोटातील सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि त्यावर बैल गाडी ओढतो.

तोडलेला ऊससुद्धा काही काळ जिवंत असतो. तो श्वसन करतो, स्वतःचीच साखर खर्च करतो, वाळून वजनातही घटतो. म्हणून तो शक्यतो २४ तासांत गाळावा लागतो आणि गाडी मध्यरात्री आली तरी टोळीला उठून ती भरावी लागते.

ही भरण्याची ताकद ग्लुकोजची. ग्लुकोज म्हणजे मुदत ठेव समजा. बाजारात ठेवीची पावती चालत नाही, सुटे पैसे लागतात. पेशीतील सुटे पैसे म्हणजे एटीपी. ऑक्सिजन पुरेसा असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. नसेल तर फक्त २, आणि उरलेली शक्ती लॅक्टिक आम्लात अडकून पडते.

पेशीपर्यंत ऑक्सिजन पोचवते रक्तातील हिमोग्लोबिन, आणि ते बनायला लोह लागते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढताना एखाद्या भगिनीला धाप लागली की मुकादम तिला कामचुकार म्हणून मोकळा होतो. तिने भाकरी खाल्लेली असते. अंगात रक्त कमी असल्याने ती ठेव वेळेवर मोडता येत नाही, इतकेच. स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेले की तो रक्तक्षय होय. फडावर जाण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्या तेथे मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी.