विमा कंपनीने वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा क्लेम नाकारला, तर काय करावे?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बरेच जण आता आरोग्य विमा घेऊ लागले आहेत. विमा घ्यावा की घेऊ नये, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो मसला त्यांचा आहे आणि ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून निर्णय करावा. हा लेख ज्यांनी विमा घेतला आहे, वर्षानुवर्षे हप्ता भरला आहे आणि गरजेच्या वेळी ज्यांच्या हाती कंपनीचे नकाराचे पत्र आले आहे, त्यांच्यासाठी आहे.

आमच्या ओळखीच्या एका शिलाई कारागिराची गोष्ट सांगतो. वजन 100 किलो, दहा वर्षांपासून मधुमेह, मशीनवर तासभर बसले की धाप लागायची. नागपूरच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. कंपनीने नकार दिला. पत्नीचे दागिने मोडून आणि नातेवाइकांकडून कर्जे-हसना घेऊन त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. कंपनीचे पत्र इंग्रजीत होते. त्यांनी ते घडी करून कपाटात ठेवले आणि नशिबाला दोष दिला. चौदा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी ते दुकानात आले, तेव्हा ते पत्र आम्ही पाहिले. पत्रात कारण एकाच ओळीचे होते : बीएमआय 39.06, म्हणजे 40 पेक्षा कमी.

बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. रुग्णालयाच्या कागदावर उंची 160 सेंटिमीटर लिहिली होती. आम्ही विचारले, “उंची मोजली होती का?” ते म्हणाले, “नाही, मला विचारली, मी अंदाजे सांगितली.” आम्ही त्यांना भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे केले आणि दुकानातल्या मीटरपट्टीने मापले. उंची 158 सेंटिमीटर भरली. आता हिशेब पाहा. 1.60 चा वर्ग 2.56 आणि 100 भागिले 2.56 म्हणजे 39.06. तेच 1.58 चा वर्ग 2.4964 आणि 100 भागिले 2.4964 म्हणजे 40.06. दोन सेंटिमीटरच्या चुकीच्या मापाने एका घरचे दागिने गेले.

हा हौसेचा उपचार नाही

या शस्त्रक्रियेला बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. एका प्रकारात जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे लहान करतात. दुसऱ्या प्रकारात जठराचा छोटा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. 2017 साली इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणून डॉ. मुफझ्झल लकडावाला यांनी अशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा हा विषय घरोघरी पोहोचला. तरीही आपल्याकडे “खाणे कमी करा म्हणजे झाले” असे म्हणून थट्टा होते. ही थट्टा रुग्णाच्याही मनात बसते आणि क्लेम नाकारला गेला की तो गप्प राहतो.

नकाराच्या पत्रात कधी “ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आहे” असेही कारण येते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर 2019 मध्ये आरोग्य पॉलिसीतून वगळायच्या बाबींचे शब्द सर्व कंपन्यांसाठी सारखे ठरवून दिले. त्यात सौंदर्य शस्त्रक्रियेचा संकेतांक 08 आहे आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा संकेतांक 06 आहे. दोन्ही कलमे वेगळी आहेत. तेव्हा सौंदर्याचे कारण दिले असेल, तर उत्तरात हेच दाखवावे.

कलम 06 नेमके काय म्हणते?

बऱ्याच जुन्या पॉलिसींत लठ्ठपणाचा उपचार सरसकट वगळलेला असे. 2019 च्या शब्दांप्रमाणे तसे नाही. खालील सर्व अटी पूर्ण होत नसतील, तरच खर्च वगळला जातो :

1. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी.
2. ती वैद्यकीय उपचारपद्धतीच्या मान्य नियमांना धरून असावी.
3. रुग्णाचे वय 18 वर्षे किंवा अधिक असावे.
4. बीएमआय 40 किंवा अधिक असावा. किंवा बीएमआय 35 वा अधिक असून, वजन कमी करण्याचे साधे उपाय निष्फळ ठरलेले असावेत आणि पुढीलपैकी एक गंभीर आजार असावा : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र आजार, किंवा आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह.

उंची 160 सेंटिमीटर असलेल्या माणसाच्या बाबतीत बीएमआय 35 म्हणजे सुमारे 89.6 किलो आणि 40 म्हणजे सुमारे 102.4 किलो. आपला हिशेब आपणच करून पाहावा.

येथे एक गफलत होते. डॉक्टरांचा निकष आणि पॉलिसीचा निकष एक नाही. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये आशियाई लोकांसाठी 27.5 बीएमआयपासूनच ही शस्त्रक्रिया देऊ करावी, असे सुचवले आहे. म्हणून डॉक्टर “जरूर करा” म्हणतात ते खरे असते आणि कंपनी “अटीत बसत नाही” म्हणते तेही खरे असू शकते. “डॉक्टरांनी सांगितले होते” एवढ्या दलिलीवर अपील टिकत नाही. अपील कलमाच्या चौथ्या अटीवर टिकते किंवा पडते.

मधुमेहाच्या बाबतीतही तसेच. “मधुमेह आहे” हे पुरेसे नाही, तो “आटोक्यात येत नाही” हे कागदावर दिसले पाहिजे. औषधे चालू असतानाचे तीन-तीन महिन्यांचे एचबीए1सी तपासणीचे अहवाल, वाढत गेलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, आहारतज्ज्ञाची कार्डे आणि वजनाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. झोपेतील श्वासाच्या आजारासाठी स्लीप स्टडीचा अहवाल आणि हृदयासाठी इको किंवा अँजिओग्राफीचा अहवाल लागतो. वर सांगितलेल्या कारागिराला मधुमेहाच्या अटीवरही दाद मागता आली असती. पण जुने अहवाल त्यांनी घर रंगवताना फेकून दिले होते.

नकाराचे पत्र कसे वाचावे?

मिलकडून आलेला तागा बिलापेक्षा कमी भरला, तर आपण मिलच्या नावाने बोटे मोडत बसत नाही. तागा मापतो, बिलाचा नंबर लिहितो आणि तेवढ्याच फरकाची तक्रार पाठवतो. नकाराच्या पत्रालाही हाच नियम लावावा.

पहिली गोष्ट, नकार कशाला आहे ते पाहावे. कॅशलेसची परवानगी नाकारणे म्हणजे क्लेम कायमचा नाकारणे नव्हे. स्वतः पैसे भरून, मूळ बिले व डिस्चार्ज कार्ड जोडून नंतर परतफेडीचा क्लेम करता येतो.

दुसरी गोष्ट, नकार कोणी दिला ते पाहावे. टीपीए ही कंपनीच्या वतीने कागद हाताळणारी संस्था आहे. क्लेम नाकारण्याचा निर्णय कंपनीचा असतो. प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या क्लेम पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो. पत्रात कलम नसेल, तर तेच प्रथम लेखी मागावे.

तिसरी गोष्ट, जे कारण पत्रात आहे त्यालाच उत्तर द्यावे. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले की, नकाराच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला मागाहून उभे करता येत नाही.

चौथी गोष्ट, प्रतीक्षा कालावधी तपासावा. पॉलिसी घेण्याआधीच्या आजारांसाठी तो आता जास्तीत जास्त 36 महिने ठेवता येतो. काही पॉलिसींत या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र मुदत असते. मुदत संपली नसेल, तर अपिलात वेळ घालवू नये. तातडीचे नसल्यास डॉक्टरांना विचारून मुदत संपेपर्यंत थांबावे.

पाचवी गोष्ट आपल्या सचोटीची आहे. पॉलिसी घेताना अर्जात वजन आणि मधुमेह खरे लिहिले होते का? एजंट घाईने “नाही, नाही” अशा खुणा करतो आणि आपण सही करतो. खरे लिहिले असेल, तर आपली बाजू भक्कम असते. मनमोहन नंदा यांच्या खटल्यात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कळवलेला आजार माहीत असून पॉलिसी दिली असेल, तर नंतर त्याच आजाराचे कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही. सलग 60 महिने हप्ते भरल्यावर तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही.

अपिलाचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचा पत्ता पॉलिसीत छापलेला असतो. पत्र थोडक्यात, असे लिहावे :

“पॉलिसी क्रमांक ..., क्लेम क्रमांक ..., नकाराचे पत्र दिनांक ... . आपण कलम 06 मधील बीएमआयची अट पूर्ण होत नसल्याचे कळवले आहे. रुग्णाची उंची प्रत्यक्ष मोजून ... सेंटिमीटर आहे, रुग्णालयाचे प्रमाणपत्र सोबत आहे. दाखल होतेवेळी वजन ... किलो होते, केसपेपर सोबत आहे. त्यानुसार बीएमआय ... येतो. कलमातील चारही अटी पूर्ण होत असल्याचे कागद क्रमवार जोडले आहेत. क्लेम पुन्हा तपासून मंजूर करावा व लेखी उत्तर द्यावे.”

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे अटीनिहाय पत्र सोबत जोडावे. मूळ कागद जपून ठेवावेत, झेरॉक्स पाठवाव्यात आणि पोस्टाची पोच फाईलला लावावी. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित आहे. प्राधिकरणाच्या बिमा भरोसा व्यवस्थेतही तक्रार नोंदवता येते, त्यासाठी 155255 हा क्रमांक आहे.

दुसरा दरवाजा विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही किंवा एक महिन्यात उत्तरच दिले नाही, तर येथे जावे. कंपनीच्या अखेरच्या नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. फी नाही, वकील लागत नाही. 50 लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. एकट्या मालकीची दुकाने व सूक्ष्म उद्योग यांच्या नावाच्या पॉलिसींनाही हा मार्ग खुला आहे. गोंदिया जिल्हा पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. बिरसीहून पुणे फार दूर, पण महाराष्ट्र एक्सप्रेसचे तिकीट काढण्याची गरज नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. 30 दिवसांत तो पाळला नाही, तर तक्रारदाराला दररोज 5,000 रुपये द्यावे लागतात. निवाडा आपल्याला मान्य नसेल, तर पुढचा मार्ग बंद होत नाही.

तिसरा दरवाजा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला गोंदियातच. मुदत दोन वर्षांची आहे. भरलेला हप्ता 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी नाही. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना तेच प्रकरण लोकपालांकडे नेता येत नाही. म्हणून क्रम चुकवू नये.

आमच्या त्या कारागिराचे चौदा महिने वाया गेले होते. तिसऱ्या दरवाजाला अजून दहा महिने शिल्लक होते. रुग्णालयाने उंची मोजून प्रमाणपत्र दिले, शस्त्रक्रियेच्या दिवसाचे वजन केसपेपरवर होतेच. तक्रार गोंदियाच्या आयोगात दाखल झाली आहे. निकाल यायचा आहे. निकाल काहीही लागो, वर्षभर कपाटात पडलेला कागद आज काम करतो आहे.

माप आणि लिखाण

पवित्र कुरआनमध्ये माप-तोलात घट करणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे. सूरह बकरातील 282 वी आयत, जी कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, उधारीचा करार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. आपण व्यापारी ही शिकवण गल्ल्यावर पाळतो, आजारपणात विसरतो. खोटे माप लिहून क्लेम घेणे हराम आहे, त्यासाठी उंची कमी सांगणारा आमच्याकडे सल्ल्याला येऊ नये. पण खरे माप असताना गप्प बसून आपल्या मुलाबाळांचा हक्क सोडणे, यालाही सब्र म्हणत नाहीत.

इंग्रजीची धास्ती आम्हांलाही आहे, आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. पण पॉलिसीच्या मुख्य अटींचा तक्ता आपल्या भाषेत मागता येतो, तो आजच मागून घ्यावा. शस्त्रक्रियेआधी रुग्णालयात उंची आणि वजन आपल्यासमोर मोजून लिहून घ्यावे. आणि नकाराचे पत्र आलेच, तर त्याच दिवशी त्यावर आल्याची तारीख टाकून ते दुकानाच्या फाईलला लावावे. कपाटात ठेवू नये.

– एक कापड व्यापारी, बिरसी (जि. गोंदिया)